राज्य कोणावर?

डबा ऐसपैस खेळला असाल तर हा प्रश्न तुम्ही शंभर वेळा विचारला असेल: राज्य कोणावर? आमच्याकडे कुणी त्याला दाम म्हणतं, पण राज्य हा शब्द मला जास्त आवडतो. ज्याच्यावर राज्य येतं तो डोळे मिटून आकडे मोजतो, मग उघड्या डोळ्यांनी सगळ्यांना शोधत फिरतो. सत्ता म्हणजे काय, नजर म्हणजे काय, हे कुणीही न शिकवता आपण त्या खेळात शिकतो. आणि गंमत बघा, मोठ्यांच्या जगात राज्य मिळावं म्हणून माणसं आयुष्य घालवतात. खेळात मात्र राज्य आलं की तोंड वाकडं होतं. ते कधी एकदा दुसऱ्यावर ढकलतो असं होतं.

मी कारध्याचा. वैनगंगेच्या एका काठाला भंडारा शहर, दुसऱ्या काठाला आम्ही. गेली दोन वर्षं मी फोनवर खेळायचा एक गेम बनवतोय. विषय आहे पाळत आणि पाळतीखाली जगणारं गाव. हा लेख त्या गेमची जाहिरात नाही, गेम अजून पूर्ण झालेलाही नाही. पण नियम बसवताना मला जो इतिहास वाचावा लागला, तो सांगावासा वाटतो. गेममधला नियम म्हणजे शेवटी जग कसं चालतं याबद्दलचं एक विधान असतं. ते विधान खोटं असेल तर चित्रं कितीही सुंदर काढा, गेम खोटाच राहतो.

डब्याचे तीन नियम

डबा ऐसपैस पुन्हा एकदा नीट बघू. नावातलं ‘ऐसपैस’ इंग्रजी ‘आय स्पाय’चं नातेवाईक आहे हे कानालाच कळतं. या खेळात पाळतीविरुद्ध तीन हत्यारं आहेत.

पहिलं, नजर एका वेळी एकाच दिशेला जाते. राज्य असलेला विहिरीकडे गेला की गोठ्यामागचा पोरगा डब्याकडे धावतो. दुसरं, ओळख चुकवता येते. दोघांनी शर्ट बदलायचे, भिंतीआडून फक्त बाही दाखवायची. राज्य असलेल्याने चुकीचं नाव घेतलं की सगळे ओरडतात, अंडं फुटलं! राज्य पुन्हा त्याच्याच गळ्यात. तिसरं हत्यार सगळ्यात मोठं. पकडलेले पाच जण बाजूला उभे असतात. सहावा कुठूनतरी येतो, डब्याला लाथ मारतो, आणि पाचही सुटतात. स्वतः लपून राहून कुणी जिंकत नाही. कुणीतरी बाहेर यावंच लागतं.

आता संगणकावरचे खेळ बघू. १९८१ साली सायलस वॉर्नर यांचा ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ आला. त्यात नाझींच्या किल्ल्यातून पहारेकऱ्यांना चुकवत निसटायचं, जमलं तर त्यांचाच गणवेश चढवायचा. १९८७ साली हिदेओ कोजिमा यांचा ‘मेटल गिअर’ आला. त्या काळच्या यंत्राला एका वेळी पडद्यावर फार सैनिक आणि गोळ्या झेपत नव्हत्या, म्हणून लढण्याऐवजी लपण्याचा गेम केला गेला. तंत्राच्या अडचणीतून एक अख्खा प्रकार जन्माला आला. १९९८ च्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये तर रडारवर पहारेकऱ्याची नजर त्रिकोणासारखी दिसू लागली. त्रिकोणाबाहेर राहिलात की वाचलात.

हे सगळे गेम मी खेळलोय आणि मला आवडतात. पण त्यांत दोन गोष्टी कायम असतात. खेळणारा एकटा असतो. आणि पहारेकरी विसरतो. थोडा वेळ कपाटात लपा, तो ‘काही नव्हतं वाटतं’ म्हणत परत आपल्या जागी जातो. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’मध्ये पोलिसांचे तारे उडेपर्यंत गल्लीत थांबलं की तुम्ही पुन्हा सज्जन.

आपल्याकडची खरी पाळत कधी विसरत नव्हती. कारण ती डोळ्यांनी होतच नव्हती. ती वहीत होत होती.

जन्मतःच मिळालेली चिठ्ठी

राजा, मंत्री, चोर, शिपाई हा चार चिठ्ठ्यांचा खेळ आठवतो? चिठ्ठ्या उधळायच्या, ज्याला जी येईल ती. या डावात चोर असलेला पुढच्या डावात राजा होऊ शकतो. म्हणून चोर निघालो तरी कुणाला वाईट वाटत नाही.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याने ही चिठ्ठी जन्मतःच हातात दिली आणि बदलायची सोय ठेवली नाही. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार आहेत असं धरून त्यांची नोंद करायची, ठरलेल्या वेळी हजेरी घ्यायची, गाव सोडायचं तर दाखला मागायला लावायचं. सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला, आणि नोंद झालेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची मुभाही त्यात होती. १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्र बांधून पक्का केला गेला.

ठशांची गोष्ट तर आपल्याच देशातली. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. लाखो ठशांतून नेमका एक शोधायचा कसा, याची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता, पण त्या पद्धतीला नाव पडलं ते वरिष्ठ साहेबाचं, हेन्री पद्धत. आज तुम्ही अंगठा टेकवून फोन उघडता, त्या सवयीच्या मुळाशी हा इतिहास आहे.

महाराष्ट्रात याची सगळ्यात ठळक खूण सोलापुरात आहे. तिथे या जमातींसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती, माणसं गिरण्यांमध्ये कामाला जायची आणि हजेरीला परत यायची. आजही सोलापुरात त्या भागाला लोक सेटलमेंटच म्हणतात. कुंपण गेलं, शब्द राहिला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण मग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि ठाण्यातल्या माणसाच्या डोक्यातली वही काही त्या दिवशी बंद झाली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं. ज्याने ते वाचलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

गेम बनवणाऱ्यासाठी यातून एक नियम निघतो: पहारेकऱ्याला चुकवून भागत नाही. आज तुम्ही सापडला नाहीत, तरी गैरहजेरीची नोंद होते. म्हणून माझ्या गेममध्ये नजरेचा त्रिकोण नाही, एक नोंदवही आहे. तिच्यात लिहिलेलं खोडता येत नाही.

बेचाळीसचं गाव

मग अशा वहीविरुद्ध कुणी टिकलं का? टिकलं. पण एकेकटं नाही.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिचे साथीदार ४२.३४ मीटरवरून बातम्या द्यायचे. सरकार लहरींचा माग काढत यायचं, म्हणून जागा पुन्हा पुन्हा बदलायच्या. शेवटी १२ नोव्हेंबरला तो पकडला गेला, आणि पकडला गेला तो यंत्राच्या हुशारीने नव्हे. ओळखीच्या तंत्रज्ञाने पत्ता सांगितला म्हणून. पाळतीच्या गोष्टीत शेवटी माणूसच फुटतो. फुटण्याआधी त्याच्यावर काय दाब आला असेल, ते मात्र आपण विचारत नाही.

सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार चाललं. क्रांतिसिंह नाना पाटील पोलिसांच्या हाती लागले नाहीत. इनाम होतं, छापे होते, तरी नाही. आपण याची गोष्ट शौर्याची म्हणून सांगतो: तुफान सेना, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराचा पैसा नेणाऱ्या गाडीवरचा हल्ला, जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ. शौर्य होतंच. पण भूमिगत माणसाला रोज रात्री एक घर लागतं. त्या घरात भाकरी लागते. नेहमीपेक्षा दोन भाकऱ्या जास्त थापल्या तर शेजारणीला कळतं. म्हणजे नाना पाटील सापडले नाहीत याचा अर्थ शेकडो शेजारणींना कळलं होतं आणि त्या बोलल्या नाहीत. न्यायदान मंडळं, कमी खर्चाचे गांधी विवाह, दारूबंदी ही कामं राजकारणाची तोंडीलावणी नव्हती. ज्या घराचा तंटा मंडळाने मिटवला, ते घर गप्प राहायला तयार होतं. विश्वास आधी कमवावा लागला होता.

दुसरी बाजूही आहे. हे सरकार लोकांच्या तोंडी पत्री सरकार झालं. खबऱ्यांना आणि गावगुंडांना तळपायांवर मिळणाऱ्या शिक्षेची त्या नावात आठवण आहे. ती झाकून ठेवली तर इतिहासाचं कॅलेंडर होतं.

आता आमच्या विदर्भात येऊ. चिमूर तेव्हा चांदा जिल्ह्यात होतं. तुकडोजी महाराजांची खंजिरी तिथल्या घराघरांत पोचलेली. भजनाला बसलेल्या माणसांची हजेरी कोणत्या वहीत घेणार? महाराजांना त्याच ऑगस्टमध्ये अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमुरात मिरवणुकीवर गोळीबार झाला, माणसं मेली; संतापलेल्या जमावाने अधिकाऱ्यांना मारलं. त्यानंतर फौज आली. घरं लुटली गेली, बायकांवर अत्याचार झाले. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपवास केला, आणि त्या उपवासाच्या बातमीवरही बंदी आली.

त्या वर्षी सरकारने सामूहिक दंडाचा वटहुकूम काढला होता. कुणी एकाने केलं, दंड अख्ख्या गावाने भरायचा. या युक्तीकडे नीट बघा. गावाची ताकद असते ‘आम्ही’. सामूहिक दंड त्या ‘आम्ही’लाच शिक्षा करतो, म्हणजे उद्या प्रत्येक जण शेजाऱ्याकडे संशयाने बघेल. सरकारला वेगळे पहारेकरी नेमायची गरज उरत नाही.

बारा घरं, एक वही

हे सगळं गेममध्ये कसं आणायचं? जगात काही प्रयत्न झालेत. लुकास पोप यांच्या २०१३ च्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये तुम्हीच सीमेवरचे कारकून असता; कागद तपासता, शिक्का मारता आणि घरी आजारी पोराला औषध हवं असतं. २०२० च्या ‘थ्रू द डार्केस्ट ऑफ टाइम्स’मध्ये हिटलरच्या बर्लिनमधला एक छोटा गट सांभाळायचा असतो. तिथे हरायला पोलीसच लागतात असं नाही, गटाची हिंमत संपली तरी खेळ संपतो. हे मला आपल्या इतिहासाच्या जवळचं वाटलं.

माझा नमुना आधी कागदावर तयार झाला. नदीकाठचं एक गाव, बारा घरं. प्रत्येक घराकडे थोड्या भाकऱ्या, म्हणजे चिंचोके. एक भूमिगत माणूस रोज रात्री एका घरी मुक्काम करतो, त्याला एक चिंचोका द्यायचा. एकावर राज्य: तो पाटील, वही त्याच्याकडे. रोज तो तीन घरांना विचारतो, काल रात्री कोण आलं होतं? उत्तर खरं द्या, खोटं द्या, किंवा ‘माहीत नाही’ म्हणा. वहीतल्या दोन नोंदी जुळल्या की छापा. छाप्यात काही सापडलं नाही तरी दंड सगळ्या घरांना, घरटी एक चिंचोका.

हा डाव आमच्या गावातल्या पोट्ट्यांसोबत बसून खेळलो. पहिल्या फेरीत सगळ्यांनी एकच सूर लावला: माहीत नाही. वही कोरी. पाटील झालेला सातवीतला मुलगा वैतागला. मग त्याने असं काही केलं जे मी नियमात लिहिलंच नव्हतं. तो एका घराला हळूच म्हणाला, “तू सांग, तुझा दंड माफ.” त्या घराकडे एकच चिंचोका उरला होता. त्याने सांगितलं.

बाकीची पोरं त्याच्यावर तुटून पडली. “भाऊ, याला बाहेर काढा! खबऱ्याला मारायचा नियम टाका ना!” मी काही बोलायच्या आत एका मुलीने आपल्या घरातले दोन चिंचोके उचलून त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, “याच्याजवळ भाकरच नव्हती, तर हा काय करल?” पुढच्या तीन फेऱ्या ते घर फुटलं नाही.

मला हवा असलेला नियम तिथे मिळाला. गेममध्ये आता खबऱ्या नावाचं पात्र नाही. कुठलंही घर खबऱ्या होऊ शकतं, आणि होतं ते बहुतेकदा रिकाम्या डब्यामुळे. लपण्याचं बटण नाही, वाटून घेण्याचं आहे. शिक्षेचं बटणही आहे, कारण पत्री सरकारचा इतिहास मला गाळायचा नाही. पण ते दाबलं की त्या घराचे शेजारी पुढच्या फेरीपासून भीतीने गप्प राहतात. भीतीची गप्प आणि विश्वासाची गप्प दिसायला सारखीच असते. दंड पडेपर्यंत तुम्हाला फरक कळत नाही.

आणि तुमच्या हातातली वही

एक प्रश्न राहतो, आणि तो पैशाचा आहे. फोनवरचा गेम फुकट द्यायचा तर जाहिराती घ्याव्या लागतात. एका जाहिरात कंपनीच्या माणसाशी बोललो. त्यांचा तुकडा गेममध्ये बसवला की खेळणाऱ्याचा फोन कोणता, तो कुठे आहे, किती वेळ कुठे थांबला, हे सगळं जमा होतं. जास्त नोंद, जास्त पैसे. मी विचारलं, ही वही खेळणाऱ्याला बघता येते का? तो हसला.

पाळतीविरुद्धचा गेम, आणि त्याच्या पोटात नोंदवही! म्हणजे हजेरीविरुद्ध भाषण करायला माणसं बोलवायची आणि दारात त्यांचे अंगठे घ्यायचे. मी ती जाहिरात घेतली नाही. माझा गेम नेटशिवाय चालेल, कसलीही परवानगी मागणार नाही. त्यामुळे तो पूर्ण व्हायला वेळ लागतोय आणि दिवसा मला मोबाइल दुरुस्तीचं दुकान सांभाळावं लागतं. हे रडगाणं नाही. कोणत्या नियमाची किंमत कोण मोजतो, हेही सांगायला हवं म्हणून सांगतो.

याचा अर्थ सगळी नजर वाईट असं मी म्हणत नाही. आमच्या गावाचं नाव पावसाळ्यात बातम्यांत येतं ते नदीमुळे: कारध्याला वैनगंगेची पातळी इतकी. इथे पाणी मोजलं जातं. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि भंडारा शहरासकट काठची गावं बुडाली, तेव्हा त्या आकड्याची किंमत सगळ्यांना कळली. तीही पाळतच आहे, रात्रंदिवस चालणारी. पण तो आकडा शाळेतल्या पोराला कळतो, आजीला कळतो, कलेक्टरलाही तोच कळतो. त्या आकड्याने कुणाला चोर ठरवलं जात नाही. कुणी सामान माळ्यावर चढवायचं आणि कधी निघायचं, एवढं त्यावरून ठरतं.

हजेरीची वही आणि पाण्याची पट्टी यांत मला एवढाच फरक दिसतो, आणि तो फार मोठा आहे: ज्याची नोंद होते त्याला ती वाचता येते का, आणि चूक असेल तर अंडं फुटलं म्हणता येतं का? तुमच्या फोनमधल्या प्रत्येक ॲपला, चौकातल्या प्रत्येक कॅमेऱ्याला, शाळेच्या हजेरीच्या यंत्राला हे दोन प्रश्न विचारून बघा. उत्तर ‘नाही’ आलं तर तिसरा प्रश्न आपल्याला लहानपणापासून येतो: हे राज्य किती वेळ एकाच माणसाकडे राहणार आहे?

माझ्या गेमच्या शेवटच्या फेरीत वही उघडी करून मधोमध ठेवायची असते. मग बारा घरं मिळून ठरवतात, पुढच्या डावात राज्य कोणावर. नेट नको, फोनही नको. चिंचोके आणि एक जुनी वही असेल तर तुम्ही आजच खेळू शकता. फक्त पाटलाची पाळी प्रत्येकावर एकदा तरी येऊ द्या.